श्रेयनामावलीचे पान

पुस्तक ज्यावर छापले जाते तो मोठा कागद म्हणजे छपाईच्या भाषेत एक फर्मा. त्याच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ अशी 16 पृष्ठे छापली जातात आणि घड्या घालून कडा कापल्या की ती क्रमाने वाचता येतात. कागद उघडा असताना मात्र पहिल्या पृष्ठाशेजारी सोळावे असते, चौथ्याशेजारी तेरावे, आठव्याशेजारी नववे. अशी कोणतीही जोडी घेतली तरी बेरीज 17 येते. छत्रपती संभाजीनगरमध्ये कलाशिक्षण घेणारे काही विद्यार्थी मराठवाड्यातील बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवर, चित्रपुस्तक करीत आहेत, आणि एकत्र काम करणे म्हणजे काय, हे त्यांना या कागदाने शिकवले. ऑफसेट यंत्रावर एका रांगेत येणाऱ्या पृष्ठांना शाई जवळपास एकाच प्रमाणात मिळते. त्यामुळे एकाने आपल्या पृष्ठावर गडद काळा रंग भरला, तर त्याच रांगेतील दुसऱ्याची नाजूक रेघ भरून येऊ शकते. छापखान्यात जाण्यापूर्वी सर्वांनी एकमेकांची पृष्ठे पाहिलेली असणे म्हणूनच अपरिहार्य ठरते.

विषयानेही त्यांना असेच अडवले. परभणी जिल्ह्यातील वालूरची बारव गोलाकार आहे. तिच्या पायऱ्या वळत वळत पाण्याकडे उतरतात. ही उतरण आडव्या पृष्ठावर दाखवता येत नाही, म्हणून खालच्या दिशेने उलगडणारे घडीचे पान हवे, असा आग्रह धरला गेला. असे पान वेगळे छापून, हाताने दुमडून, खळ लावून आत चिकटवावे लागते आणि त्याची मजुरी प्रत्येक प्रतीवर चढते. प्रत्येकालाच आपल्या बारवेसाठी घडीचे पान हवे होते. अखेरीस सर्वांनी मिळून ते वालूरला दिले. संपादन म्हणजे नेमके काय, हे या निर्णयात जितके स्पष्ट दिसते, तितके ते एखाद्या व्याख्येत क्वचितच दिसते.

मराठवाड्यातील वारशावर विद्यार्थ्यांनी मिळून काम करण्याची परंपरा जुनी आहे आणि तिची सुरुवात अजिंठ्याच्या लेण्यांत सापडते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह 1872 ते 1885 या काळात तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. पुढे नावारूपाला आलेले चित्रकार पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकीच एक होते. लंडनला पाठवलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील आगीत नष्ट झाल्या, तरीही 1896-97 मध्ये या कामाचे दोन भव्य खंड लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय चित्रकलेच्या अभ्यासात या खंडांचे मोल मोठे आहे, यात शंका नाही. मात्र लेण्यांतील अपुऱ्या उजेडात वर्षानुवर्षे रंग जुळवणारे हात अनेक होते आणि शीर्षकपृष्ठावर नाव एकाचेच आले. त्या काळाची रीतच तशी होती, हे मान्य केले तरी आज पुस्तक करणाऱ्याने हे पान नीट पाहून घ्यावे असे वाटते.

बारवांच्या पुस्तकासाठी कागद कोणता घ्यावा, यावरही बराच खल झाला. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. हातकागदासाठी प्रसिद्ध असलेल्या या वस्तीचा इतिहास चौदाव्या शतकात दिल्लीहून दौलताबादला झालेल्या राजधानीच्या स्थलांतराशी जोडला जातो. चिंध्यांचा लगदा पाण्यात कालवून तो जाळीवर उचलायचा, ताव वाळवायचा, खळ लावून घोटायचा, म्हणजे बोरूची शाई फुटत नाही. इतका देखणा कागद जवळच मिळत असताना संपूर्ण पुस्तक त्यावरच काढावे, हा मोह स्वाभाविक आहे. पण तो आवरला गेला हे योग्यच झाले. हातकागदाची जाडी तावागणिक बदलते आणि त्याचे सुटे तंतू ऑफसेट यंत्राच्या रबरी पृष्ठाला चिकटतात. म्हणून आतील फर्मे साध्या कागदावर आणि मुखपृष्ठ तेवढे हातकागदावर, स्क्रीन प्रिंटिंगने, असे ठरले. ताणलेल्या जाळीतून, म्हणजे स्क्रीनमधून, शाई जाड थराने उतरते आणि खडबडीत तावावरही नीट बसते. बांधणी जुजबंदीची आहे: प्रत्येक फर्मा घडीत दोऱ्याने शिवायचा आणि पुढच्या फर्म्याशी जोडायचा. अशी प्रत सपाट उघडते, त्यामुळे दोन पृष्ठांवर पसरलेले चित्र मध्ये गिळले जात नाही.

प्रकाशकाची वाट न पाहता स्वतःच छापायचे, हे धाडसही या शहराला नवे नाही. प्रा. गंगाधर पानतावणे यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीपासून येथूनच 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक चालवले आणि दलित साहित्यातील कित्येक नवे लेखक त्याच्या पानांतून पुढे आले. प्रस्थापित मासिकांत ज्यांना जागा नव्हती, त्यांच्यासाठी निराळी जागा उभी करणे हा स्वतंत्र प्रकाशनाचा खरा अर्थ आहे, आणि चित्रपुस्तकालाही तो तितकाच लागू पडतो.

विद्यार्थ्यांच्या डमीत, म्हणजे छपाईपूर्वीच्या नमुना प्रतीत, शेवटचे पान सर्वांत जास्त वेळा बदलले गेले. तेथे चित्रकारांची नावे आहेतच. त्याशिवाय मोजमापे घेणारे, मजकूर लिहिणारे, स्क्रीन ओढणारे, शिलाई करणारे बायंडर, ताव घोटणारे कारागीर आणि बारवेतील गाळ उपसणारे गावकरी यांचीही नोंद आहे. नावे कामाच्या प्रतिष्ठेनुसार लावायची की अकारादी क्रमाने, यावर मतभेद झाले आणि अकारादी क्रम स्वीकारला गेला. 1954च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत अन्य ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवावी लागते. छोटे प्रकाशक हे पुष्कळदा विसरतात. या गटाने त्या प्रती आधीच बाजूला काढून ठेवल्या आहेत, आणि ज्या ज्या गावची बारव पुस्तकात आली, त्या गावच्या वाचनालयासाठीही एकेक प्रत राखली आहे.