आधी स्वतः रिकामे व्हायचे

मंडळी, झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आपण दरवर्षी फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला उतारा ऐकतो. ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्या बरोबरीला चिकटून राहिला नाही. त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, वधस्तंभावरचे मरण सोसले. हे शब्द इतके उंचावरचे आहेत की हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने ते कशासाठी लिहिले, याकडे आपले लक्षच जात नाही.

पौल तेव्हा कैदेत होता आणि फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत कुरबुर चालू होती. चौथ्या अध्यायात तो दोन बायकांची नावेच घेतो, युवदीया आणि सुंतुखे. दोघी सुवार्तेच्या कामात त्याच्याबरोबर झटलेल्या, पण आपसांत पटेना. भांडण कशावरून, हे तो सांगत नाही. चूक कोणाची, याचा निवाडाही करत नाही. एकचित्त व्हा, एवढीच दोघींना वेगवेगळी विनंती करतो. मला वाटते, ख्रिस्ताच्या रिक्त होण्याचे ते थोर स्तोत्र अशाच माणसांसाठी पत्रात आले आहे. ‘एकमेकांना आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना’ असे सांगून पौल थेट ख्रिस्ताकडे बोट दाखवतो. ऐक्याचा रस्ता वादात जिंकण्यातून जात नाही, हे त्याला ठाऊक होते.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. या शिकवणीचा फार दुरुपयोग झाला आहे. मार खाणाऱ्या बाईला ‘हा तुझा क्रूस आहे, वाहा’ असे सांगितले जाते, तेव्हा मला संताप येतो. ख्रिस्ताला कोणी रिकामे केले नाही. तो स्वतः झाला. ज्याच्या हाती होते, त्याने सोडले. शेवटच्या भोजनाच्या वेळी वरच्या माडीवर गुरू वाकला आणि त्याने शिष्यांचे पाय धुतले. दुसऱ्याला वाकवणे हे याच्या अगदी उलट आहे.

विसाव्या शतकात हे फार जवळून जगलेली एक बाई म्हणजे इटलीतल्या त्रेंतो शहराची कियारा लुबिक. १९२० चा जन्म, पेशाने शिक्षिका. १३ मे १९४४ रोजी त्रेंतोवर बॉम्ब पडले आणि तिचे घर राहण्याजोगे उरले नाही. आईवडील गाठोडी पाठीवर टाकून डोंगराकडे निघाले. तिच्याभोवती जमलेल्या मैत्रिणींना सोडून जायचे नाही, असे ठरवून ती मागे राहिली. ढिगाऱ्यांतून चालताना एका बाईने तिचे खांदे घट्ट धरले आणि ओरडून सांगितले, माझी चार माणसे मेली. त्या क्षणी कियाराला उमगले की स्वतःचे रडणे बाजूला ठेवल्याशिवाय या बाईचे दुःख आपल्यात मावणार नाही. रिकामे होणे म्हणजे काय, हे मला कुठल्याही धर्मशास्त्राच्या ग्रंथापेक्षा या प्रसंगातून जास्त कळले.

त्याच वर्षी जानेवारीत एका धर्मगुरूंच्या बोलण्यातून तिच्या मनात ठसले होते की येशूचे सर्वांत मोठे दुःख ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ या वधस्तंभावरच्या आरोळीत आहे. पित्याशी असलेली एकताही ज्याला जाणवेनाशी झाली, तो तिच्या साधनेचा गाभा झाला. ‘त्या सर्वांनी एक व्हावे’ ही योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातली येशूची प्रार्थना तिला त्याच जखमेतून कळत गेली.

१९४९ च्या जुलैत ती डोलोमाइट पर्वतातल्या तोनादिको गावी होती. इजिनो जोर्दानी हे खासदार, लेखक, मुलाबाळांचे गृहस्थ. त्यांना तिच्यापाशी आज्ञापालनाचे व्रत घ्यायचे होते. तिने ते जसेच्या तसे स्वीकारले नाही. त्याऐवजी सुचवले की मिस्सेत ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) घेताना आपण दोघेही काहीच नाही असे होऊया, आणि त्या शून्यावर येशूलाच आपल्यात ऐक्याचा करार करू देऊया. १६ जुलैला दोघांनी तो केला. पुढे मैत्रिणीही त्यात आल्या. लक्षात घ्या, एकाने दुसऱ्याच्या हाताखाली जाणे तिला पुरेसे वाटले नाही. रिकामे दोघांनीही व्हायचे होते.

तिच्याभोवती जमलेल्या या मैत्रिणींतून वाढलेल्या फोकोलारे चळवळीत पुढे कॅथलिकांबरोबर इतर पंथांचे ख्रिस्ती आले, अन्य धर्मांचे लोकही आले. १९८१ मध्ये टोकियोत, रिश्शो कोसेई काई या बौद्ध संघाच्या निमंत्रणावरून, ती हजारो बौद्धांपुढे आपला ख्रिस्ती अनुभव सांगायला उभी राहिली. तिने ख्रिस्ताचे नाव झाकले नाही, आणि तिच्यासाठी कोणी बुद्धाला सोडावे असेही मागितले नाही.