आधी आपले नसलेले दिवस

नमस्कार श्रोतेहो. नवं वर्ष लागलं, भिंतीवर नवं कॅलेंडर आलं. जुनं उतरवून त्यावरचे दुधाचे खाडे आणि सिलिंडरच्या तारखा बघून झाल्या असतील. आज मला बोलायचंय ते धंद्याचं आणि घराचं वर्ष आखण्याबद्दल. दोन्हीचं एकाच कागदावर. पुन्हा सांगते, एकाच कागदावर. धंद्याची वही वेगळी आणि घरचं कॅलेंडर वेगळं असलं, की दोघं एकमेकांना मे महिन्यात भेटतात आणि भांडतात.

आपल्या कोकणात वर्ष आखणं तसं सोपं नाही. बँकेचा हप्ता इंग्रजी तारखेवर चालतो, सण आणि जत्रा तिथीवर, मासेमारी उधाण-भांगावर, म्हणजे मोठ्या-लहान भरतीवर, आणि आंबा थंडीवर. मोहर आल्यापासून फळ हाताशी यायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे जानेवारीत बागेत फिरून आलेल्या माणसाला मे महिन्यात हातात काय पडेल याचा अंदाज येतो. जून-जुलैत यांत्रिक होड्या किनाऱ्यावर असतात. वर्षभराचा पैसा दोन-अडीच महिन्यांत येतो आणि बारा महिने जात राहतो. म्हणून तर आपल्याकडे बेगमी हा शब्द आहे. पावसाळ्याआधी सुका जवळा, सोडे, आमसुलं, कुळीथ आणि सरपण भरून ठेवायचं आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पैशाची आणि दिवसांची बेगमी मात्र शिकावी लागते. मी ती माझ्या आत्याकडून शिकले.

आत्या मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची. ती जत्रांसाठी खाजं करायची. बेसनाच्या कांड्या तळायच्या आणि गुळाच्या पाकात आलं-तीळ घालून घोळायच्या. गुळाच्याच पाकात. आजकाल साखरेचं पांढरं खाजं मिळतं, त्याला मी खाजं म्हणत नाही. त्यात आल्याची चव नुसती वर राहते, गुळासारखी मुरत नाही. असो. पाक झाला का बघायला ती थेंब पाण्यात टाकायची, बोटांनी गोळी करायची आणि ती गोळी पितळेच्या ताटलीवर आपटायची. टण् आवाज आला की कढई खाली. तो आवाज मला अजून ओळखता येतो.

त्या वर्षी मी कणकवलीला झेरॉक्स आणि वह्या-पुस्तकांचं दुकान टाकायच्या बेतात होते. कर्ज मंजूर झालं होतं आणि हवेत होते. थंडीचे चार दिवस आत्याकडे मदतीला म्हणून गेले, तर तिथे ऐंशी किलोची ऑर्डर चालली होती. मुंबईच्या एका मंडळाच्या कार्यक्रमासाठी. एवढी मोठी ऑर्डर तिला पहिल्यांदाच आली होती. पण तिने एक अट घातली होती. "माल आठ दिस आदी घेऊन जावा, नायतर माका जमाचा नाय." मंडळाचे गृहस्थ कुरकुरले. एवढ्या आधी माल ठेवायचा कुठे, नरम पडला तर काय? आत्या म्हणाली, पत्र्याच्या डब्यात घट्ट बंद केलेलं माझं खाजं महिनाभर नरम पडत नाही. शेवटी ते कबूल झाले.

मला तिची अट हट्टाची वाटली होती. गिऱ्हाईक घालवेल, असंच वाटलं होतं.

डबे रात्रीच्या बसने गेले आणि चार-पाच दिवसांतच गावपळणीचा कौल झाला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आचऱ्यात दर तीन-चार-पाच वर्षांनी देव रामेश्वराचा कौल, म्हणजे हुकूम, घेऊन अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जातो. गुरं, कोंबड्या, कुत्री, लहान पोरं, म्हातारी माणसं, सगळे. जातधर्म न बघता सगळे. घरांना कुलूप, दुकानं बंद, चूल बंद. गावात फक्त देव. ठरलेल्या पाठवणीची तारीख नेमकी त्या तीन दिवसांत होती. आत्याने आठ दिवस आधीची अट घातली नसती, तर ऐंशी किलो खाजं कुलपाच्या आत राहिलं असतं.

आम्ही वेशीबाहेर माडाच्या चुडतांची झोपडी बांधली. शेजारी वासरासकट गाय बांधली होती. रात्री सगळीकडे चुली पेटल्या, कुणी भजन म्हणत होतं, पोरं काळोखात धावत होती. आत्याने पिशवीतून एक गुंडाळी काढली. भिंतीवरचं कॅलेंडर होतं ते! घरातून निघताना तिने दागिन्यांच्या डब्याबरोबर खिळ्यावरून तेही उतरवून आणलं होतं. मी बघते तर त्या पंधरवड्यावर पेन्सिलीने लांबलचक कंस केलेला आणि आत लिहिलेलं, "गावपळण?" कधी लिहिलंस, म्हटलं. म्हणाली, गणपती गेल्यावर. "मागची होऊन चार वर्सां झाली. कौल कधी होतलो ता माका म्हायत नाय, पण होतलो ता म्हायत आसा."

कंदिलाच्या उजेडात तिने मला नवं कॅलेंडर आखायला बसवलं. पुढल्या वर्षाचं. बिस्किटाच्या दुकानातून फुकट मिळालेलं. म्हणाली, "आदी आपले नसलेले दिस खोड. उरतले ते आपले." मी खोडत गेले. शिमग्याची पालखी घरी येते ते दिवस. चतुर्थीचे दिवस. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीच्या कौलावर ठरते, म्हणून फेब्रुवारीच्या आगेमागे पेन्सिलीचा कंस. लेकीचं बाळंतपण, सप्टेंबर. तिचं स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिने जुलैत टाकलं, कारण पावसात हवेतल्या ओलीने पाक चिघळतो आणि खाजं धरत नाही. डोळ्याचं ऑपरेशन आणि गुळाचा पाक एकाच कागदावर होते, म्हणून ते जमलं.

मग ती माझ्याकडे वळली. "तुझो हप्तो खंयच्या तारखेक?" पाच तारखेला, म्हटलं. "आणि गल्लो खंयच्या म्हयन्यात रिकामो ऱ्हवतलो?"

मला उत्तर येईना. श्रोतेहो, माझ्याकडे टाइप केलेला प्रकल्प अहवाल होता. त्यात वर्षाची विक्री होती आणि ती बाराने भागलेली होती. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा वह्या संपतात आणि चतुर्थीनंतर दुकानात माशा मारायची वेळ येते, हे त्या भागाकारात कुठेच नव्हतं. आत्याने ऑगस्ट, ऑक्टोबर, नोव्हेंबर या तीन महिन्यांवर कोळशाने फुली मारली आणि म्हणाली, ह्या तिघांचे हप्ते जूनच्या गल्ल्यातून आधी बाजूला काढ, मग पंखा घे, मग पाटी रंगव.

मी पाटी आधी रंगवली. त्या ऑक्टोबरचा हप्ता मी बांगड्या ठेवून भरला. दुसऱ्या वर्षीपासून तीन हप्ते जूनच्या शेवटी वेगळ्या खात्यात जायला लागले आणि आजवर चुकले नाहीत.

चौथ्या दिवशी कौल झाला, ढोल वाजले, गाव परतला. आत्याने दार उघडलं, चूल पेटवायच्याही आधी कॅलेंडर खिळ्यावर लावलं आणि मगच पाण्याला गेली.

आता आपल्या यंदाच्या कागदाकडे वळू. कोऱ्या कागदावर बारा महिने लिहा आणि आधी आपले नसलेले दिवस खोडा. आधी खोडायचं, मग आखायचं. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, ज्येष्ठ अधिक आहे. १७ मे ते १५ जून. या महिन्यात बहुतेक घरांत लग्नं करत नाहीत, म्हणून मंडप, जेवणावळी, बँड, फुलं यांचा धंदा करणाऱ्यांनी मेच्या दुसऱ्या पंधरवड्याची कमाई धरू नका. उलट पहिल्या पंधरवड्यात गर्दी होईल, तेव्हा माणसं आतापासून सांगून ठेवा. खरं म्हणजे मे महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या असताना पाचशे पानांची जेवणं घालणं मला कधीच पटलेलं नाही. लग्नं डिसेंबरात करा. चाकरमान्यांना सुट्टी मिळते आणि विहिरीला पाणीही असतं. पण हे ऐकतं कोण!

गणपती गेल्या वर्षी २७ ऑगस्टला होते, यंदा १४ सप्टेंबरला आहेत. अठरा दिवस उशिरा. शहरातल्या माणसांचे पगार १ तारखेच्या सुमारास होतात. म्हणजे यंदा खरेदी सप्टेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत एकदम येईल. दुकानदारांनी माल ऑगस्टच्या शेवटी भरा, जुलैत पैसे गुंतवून बसू नका. आणि हिशेबाचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, नेमकं आंब्याच्या पेट्या भरायच्या घाईत. बागायतदारांनो, बिलांची पिशवी फेब्रुवारीतच उलटी करा.

मग रिकाम्या गल्ल्याचे महिने शोधा. तुमचे कुठले, ते तुम्हालाच ठाऊक. त्यांच्यावर फुली मारा आणि त्यांचा हप्ता कुठल्या भरल्या महिन्यातून निघणार, ते त्या फुलीशेजारी लिहा. घरातलं सगळं त्याच कागदावर यायला हवं. आईच्या गुडघ्याचं दुखणं, मुलीची दहावी, कौलं परतायची मजुरी. नवराबायको दोघांनी बसून लिहा. एकट्याने लिहिलेला कागद दुसऱ्याला वाचता येत नाही.

आणि मुंबईची मुलं चतुर्थीला यायची असतील, तर रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. पूर्वीसारखं चार महिने आधी नाही. १२ सप्टेंबरच्या गाडीसाठी १४ जुलै. तेवढी तारीख आत्ताच, मी बोलतेय तोवर, कॅलेंडरवर लिहून टाका. नमस्कार.