आर्टी-फार्टी म्हणजे नेमकं काय हो?

(मागे गोदाघाट, हातात चहा)

नमस्कार मंडळी! परवा गंगापूर रोडला एका फोटो प्रदर्शनाला गेलो होतो. भिंतीवर ही एवढी मोठी फ्रेम, आणि आत मिसळ. आपली नाशिकची मिसळ, तीही ब्लॅक अँड व्हाइट! रस्सा लाल की काळा, तेच कळेना. खाली नाव : ‘तर्री : एक विलाप’. शेजारचा मित्र कानात म्हणाला, "लईच आर्टी-फार्टी आहे राव."

तर आज हाच शब्द.

‘आर्टी’ म्हणजे कलेचा आव आणणारं. ‘फार्टी’ आलं यमकासाठी, पण निवडलंय खोडसाळपणे, कारण ‘फार्ट’ म्हणजे पाद. (आई, तू बघत असशील तर सॉरी.) ब्रिटिश लोक आर्टी-फार्टी म्हणतात, अमेरिकन आर्ट्सी-फार्ट्सी. त्याआधी ‘आर्टी-क्राफ्टी’ही होतं. 19व्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये आर्ट्स अँड क्राफ्ट्स नावाची हस्तकलेची चळवळ जोरात होती. तिच्या नादाला लागलेल्यांची ती टिंगल.

आपल्याकडे हे काम एकटा ‘बि’ करतो. चहाबिहा, लग्नबिग्न. "तो हल्ली कलाबिला करतो" म्हणा, समोरच्याची निम्मी उंची तिथेच उतरते. आणि गंमत बघा, ‘नुसती हवा करतो’ असंही आपण म्हणतोच की. वारा तिकडेही आणि इकडेही, फक्त आपण वरच्या बाजूचा घेतला!

वापरायचा कुठे? सिनेमाला, कॅफेला, झोळी अडकवून फिरणाऱ्या मित्राला चालतो. तोंडावर म्हणायचा तर दोस्ती पक्की हवी. कालिदास कलामंदिरातून एखादं अवघड नाटक बघून बाहेर पडलात आणि डोक्यावरून गेलं, तर ते आर्टी-फार्टी नव्हे, ते नुसतं अवघड. शब्दाचा राग आव आणण्यावर आहे. आपल्याला कळलं नाही की हा शब्द फेकून मोकळं व्हायचं, ही सवय मलाही आहे, म्हणून सांगतोय.

तर ती मिसळ. निघताना न राहवून फोटोग्राफरला विचारलंच, "दादा, ब्लॅक अँड व्हाइट का?"

तो म्हणाला, "अहो, त्या दिवशी तर्रीच नव्हती. नुसतं पाणी. रंगीत काय काढणार? विलाप त्याचाच आहे."