आधी परतीची वाट

मंडळी, एकट्यानं सायकलवर लांब जायचं ठरलं की कागदावर पहिल्यांदा उतरतो तो जायचा रस्ता. तुम्ही उलटं करा. माघारी कुठून फिरता येईल ते आधी लिहा. घराजवळच्या सहलीचा खरा फायदा तोच.

उदाहरण घेऊ. नाशिकहून त्र्यंबक, घोटी, बारीमार्गे भंडारदरा. दुसऱ्या दिवशी राजूर, अकोले, संगमनेर. तिसऱ्या दिवशी सिन्नरवरून घरी. एकूण सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. घोटीला मुंबई-आग्रा महामार्ग हाताशी आहे, शेजारी इगतपुरीला रेल्वे. संगमनेर आणि सिन्नर पुणे रस्त्यावरच. अडचण मधल्या, घोटी ते अकोले पट्ट्याची. तिथे सायकल मोडली तर छोटा हत्तीच हवा. मुक्काम ठरवतानाच तिथल्या टेम्पोवाल्याचा नंबर मागून घ्या.

सामानासह सपाटीवर ताशी 15, घाटात 6-7 किलोमीटर धरा. शंभर किलोमीटरला आठ तास पॅडल आणि दोन तास थांबणं. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी पश्चिमेचा वारा तोंडावर येतो, म्हणून त्र्यंबकचा टप्पा सकाळीच उरका. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. घाटाआधी दोन्ही बाटल्या भरा.

आता पंक्चर. आपल्याकडे गुन्हेगार बहुधा बाभळीचा काटा. ट्यूब बदलली, हवा भरली, दोन किलोमीटरवर पुन्हा बसली, असं होतं कारण काट्याचं टोक टायरमध्येच राहिलेलं असतं. बाहेरून ते दिसत नाही. म्हणून ट्यूब काढताना वॉल्व्ह टायरच्या कोणत्या अक्षराशी होता ते बघा. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, वॉल्व्हपासून तेवढ्याच अंतरावर टायर आतून तपासा. बोट नको, कापडाचा बोळा फिरवा. तो अडकेल तिथे काटा. चिमट्यानं उपसा. पॅच लावताना सोल्युशन चार-पाच मिनिटं वाळू द्या. ओल्यावरच चिकटवलेला पॅच दुपारच्या उन्हात सुटतो.

बारीक तोंडाचा प्रेस्टा वॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर ठेवाच. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याची नळी मोटरसायकलच्या मापाची असते. दोन ट्यूब, पंप, टायर लिव्हर, चेनची जोडकडी आणि कापलेल्या टायरला आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा, एवढं पुरे.

सामान सात-आठ किलोच्या वर नेऊ नका. वजन मागच्या चाकावर येतं आणि स्पोक तुटतो तो बहुधा तिथलाच, चेनच्या बाजूचा. कॅरिअरचे बोल्ट खडखडाटानं सैल होतात. निघण्याच्या आठवडाभर आधी पूर्ण सामान लादून त्र्यंबकला जाऊन या आणि घरी आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नवी सीट मात्र ऐन सहलीत बसवू नका.

घरच्या एका माणसाला गावांची यादी आणि प्रत्येक गावाची अंदाजे वेळ लिहून द्या. डोंगरात रेंज जाते, तेव्हा दर तासाला फोनचा वायदा करू नका. घोटी आणि मुक्काम, दोनच फोन. ठरल्या वेळेपेक्षा दोन तास उलटले तर त्यानं काय करायचं तेही लिहा. टेम्पोवाल्याचा नंबर त्या कागदावरही हवा.