उंदराच्या अडगळीतलं हिमयुग

नमस्कार, श्रोतेहो.

१८४९ साली कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या ओढीनं निघालेली काही माणसं नेवाडाच्या वाळवंटात भरकटली. खायचे वांधे झाले होते. एका कड्याच्या कपारीत त्यांना खडीसाखरेसारखे चकाकणारे गोळे दिसले. काहींनी ते खाल्ले. चव गोडसर लागली, पण थोड्याच वेळात पोटात ढवळू लागलं. ढवळणारच! ते होतं पॅकरॅट नावाच्या उंदराचं वाळलेलं मूत.

हा उंदीर जातिवंत साठेबाज. घराच्या आसपास, साधारण शंभर मीटरांच्या आत सापडतील त्या डहाळ्या, पानं, बिया, काटे, हाडं कपारीत आणून रचतो आणि त्याच ढिगावर मुततो. कोरड्या हवेत मूत्र आटून राळेसारखं घट्ट होतं, आणि आतलं पान न् पान टिकून राहतं. पाण्याचा स्पर्श झाला नाही, तर चाळीस हजार वर्षंसुद्धा.

या अडगळीचं मोल १९६४ साली फिलिप वेल्स आणि क्लाइव्ह जॉर्गेनसेन यांनी जगापुढे मांडलं. नेवाडातल्या ज्या उजाड डोंगरांवर आज जुनिपर या सदाहरित वृक्षाचं एकही झाड नाही, तिथल्याच ढिगांत त्यांना जुनिपरच्या पानांसकट डहाळ्या आणि बिया मिळाल्या. कार्बन-१४ नं वय काढलं, तेव्हा बऱ्याचशा हिमयुगातल्या ठरल्या. म्हणजे त्या काळी हवा थंड आणि ओलसर होती, आणि आज उंचावर राहणारं जुनिपर तेव्हा खाली उतरलेलं होतं.

जुन्या झाडांचा माग परागकणांवरूनही काढतात, मग ते यात नव्हते का, असं तुम्ही विचाराल. होते. पण पाइनचे परागकण वाऱ्यावर कोसच्या कोस जातात. ते सापडले म्हणून झाड तिथेच होतं, असं छातीठोक सांगता येत नाही. उंदीर काही कोसभर चालत जात नाही! अर्थात त्यालाही आवडीनिवडी असतात, म्हणून एकट्या उंदराच्या साक्षीवर निकाल देत नाहीत. त्याच ढिगातले परागकणही मोजतात.

काम मात्र किचकट. ढिगाचा तुकडा बादलीत काही दिवस भिजवायचा, मूत्र विरघळलं की चाळायचं, वाळवायचं आणि चिमट्यानं एकेक बी, एकेक काटा वेगळा करायचा.

त्यातून निघालेली मला सगळ्यात नवलाची वाटणारी गोष्ट अशी, की अख्खं जंगल एकगठ्ठा वर-खाली सरकलंच नाही. प्रत्येक झाडानं आपापली वाट धरली. कोलोरॅडो पठारावर आज जिथे तिथे दिसणारा पाँडेरोसा पाइन हिमयुगातल्या ढिगांत जवळजवळ सापडतच नाही. सापडतो तो लिंबर पाइन.

याच लिंबर पाइनच्या सुईसारख्या पानांवरची रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी बारीक छिद्रंही संशोधकांनी मोजली. पंधरा ते बारा हजार वर्षांपूर्वी हवेतला कार्बन डायऑक्साइड सुमारे ३० टक्क्यांनी वाढला, तेव्हा रंध्रांची दाटी सुमारे १७ टक्क्यांनी उतरली होती. वायू मुबलक झाला की झाडाला तेवढी तोंडं उघडी ठेवावी लागत नाहीत, आणि पाणीही वाचतं.