सागवानाची कड आणि 51 मिलिमीटरचा बिट

(दृश्य: सुतारकामाचं वर्कशॉप. शटर अर्धं वर. दोन लाकडी घोड्यांवर सागवानी टॉप, चारही बाजूंनी क्लॅम्प.)

सहा माणसांच्या जेवणाच्या टेबलाचा हा टॉप. जाडी 36 मिलिमीटर. गिऱ्हाइकाला कड गोल हवी. पोरं पळताना आपटली तरी खोक पडू नये अशी. म्हणजे 19 मिलिमीटर त्रिज्येची गोलाई. पूर्वी असं काम रंध्यानं व्हायचं, हळूहळू, घाम गाळून. आज मिस्त्रींच्या हातात राउटर आहे, म्हणजे गरागरा फिरणाऱ्या पात्यानं लाकडाची कड कोरणारं विजेचं हत्यार. त्या पात्याला म्हणतात बिट.

(दृश्य: तळहातावर दोन बिट, एक पेन्सिलीइतका, दुसरा लिंबाएवढा.)

गोलाई 19 ची, दोन्ही बाजूंची मिळून 38, आणि मधे कडेला टेकून फिरणारं बेअरिंग. बिटाचा व्यास भरतो साधारण 51 मिलिमीटर. शेजारचा आहे 6 मिलिमीटरचा. हा लहाना मिनिटाला 24 हजार फेरे फिरला, तर त्याची धार ताशी 27 किलोमीटरनं पळते. सायकल जोरात हाणली तर एवढा वेग येतो. मोटार तीच, फेरे तेवढेच ठेवून हा मोठा लावला, की धारेचा वेग होतो ताशी 230 किलोमीटर.

म्हणून मिस्त्री आधी डायल खाली आणतात, 16 हजारांवर. तरीही धार ताशी दीडशेच्या वर पळतेच. बिटाच्या शँकवर, म्हणजे मोटारीला जोडायच्या दांड्यावर, जास्तीत जास्त किती फेरे चालतील तो आकडा बहुधा कोरलेला असतो. तो वाचायला चष्मा लागतो, एवढाच काय तो त्रास.

(दृश्य: फळीवर ट्रिमर.)

खरी गडबड इथे होते. छोटा ट्रिमर, म्हणजे एका हातात मावणारा राउटर, आता प्रत्येक सुताराच्या पिशवीत असतो. बहुतेक ट्रिमर मिनिटाला 30 हजारांच्या आसपास फिरतात, आणि पुष्कळांना वेग कमी करायची सोयच नसते. बाजारात 6 मिलिमीटरच्या शँकवरही मोठ्या तोंडाचे बिट मिळतात. कोलेटमध्ये, म्हणजे शँक पकडणाऱ्या चिमट्यात, बसतो, मग चालेल, असं वाटतं. पण 12 च्या शँकच्या तुलनेत 6 चा शँक निम्मा जाड असला, तरी वाकायला तो सोळा पट सोपा. लाकडात गाठ आली की तो थरथरतो, आणि थरथर वाढली की मोडतो. मोडलेलं तोंड कुठल्या दिशेला उडेल, ते उभं राहून बघण्यासारखं नसतं.

(दृश्य: प्लग काढलेला. कोलेट पुसून बिट आत सरकवला जातो.)

शँक तळापर्यंत जाऊ द्यायचा, मग दोन-तीन मिलिमीटर मागे ओढून आवळायचा. तळाला टेकवूनच आवळला तर कोलेटची पकड नीट बसत नाही. हे सगळं प्लग काढून. हातमोजे नाहीत, लोंबता गमछा नाही. डोळ्यांवर गॉगल, नाकाला मास्क. सागवानाचा भुसा घशाला बाधतो.

जमिनीवर बसून फळी पायानं दाबून धरायची सवय आपल्याकडे जुनी आहे. रंध्याला ती पुरते. राउटर मात्र फळीलाही ढकलतो आणि माणसालाही. आणि धार पायाच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर! मला तरी ते बघवत नाही.

(दृश्य: राउटर सुरू. मिस्त्रींचे दोन्ही हात हँडलवर.)

कड आपल्या अंगाकडे असेल, तर राउटर डावीकडून उजवीकडे न्यायचा. वरून बघता बिट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. असं नेल्यावर तो लाकडाला सामोरा जातो आणि कडेला चिकटून राहतो. उलट नेला, तर धार लाकडावर चाकासारखी धावते आणि राउटर हातातून पुढे पळतो. लहान बिटाला मनगट आवरतं. या बिटाला नाही.

शिवाय कडेवर बेसचा, म्हणजे राउटरच्या सपाट तळाचा, अर्धाच भाग फळीवर टेकतो. अर्धा हवेत. मिस्त्रींचा सगळा भार आतल्या हातावर आहे, बघा. बाहेरच्या हाताचं काम फक्त दिशा देणं.

(दृश्य: टॉपची आखूड बाजू. ढलप्या उडतात.)

सुरुवात आखूड बाजूंपासून, कारण तिथे रेषे तुटतात आणि कोपऱ्याची ढलपी निघू शकते. नंतर लांब बाजू मारली की ती खोड निघून जाते. गोलाई एका दमात काढायची नाही. पहिल्या फेरीत चारेक मिलिमीटर, मग थोडं खाली, पुन्हा थोडं खाली. शेवटची फेरी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. मिस्त्री कानानं काम करतात. मोटारीचा आवाज दबला की फेरी जड झाली, लाकूड काळं पडलं की हात रेंगाळला किंवा धार गेली. सागवानात सिलिका असते, ती कार्बाइडची धारही खाते.

(दृश्य: भिंतीजवळ राउटर टेबल. त्यावर दाराचं पॅनल.)

पॅनलची उतरती कड काढणारा बिट 90 मिलिमीटरचाही असतो. तो हातातल्या राउटरला लावायचाच नाही. बेसच्या भोकातून तो जात नाही, म्हणून काही जण भोकच मोठं करतात! त्याची जागा इथे, टेबलाखाली उलट्या बसवलेल्या ताकदवान राउटरला, मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्यांवर. इथे पॅनल हलतं, राउटर जागेवर असतो.

(दृश्य: पुन्हा टॉप. शेवटची फेरी संपते. स्विच बंद.)

मोटार बंद झाली, पण एवढं वजनदार तोंड लगेच थांबत नाही. मिस्त्री राउटर तसाच धरून उभे आहेत. आवाज खाली उतरतो, धारा एकेक दिसू लागतात. मग राउटर आडवा ठेवला जातो, पोऱ्या प्लग काढतो, आणि मिस्त्री कडेवरून अंगठा फिरवतात.