पिशवी काढायच्या आधी अजून एकदा विचारा

नमस्कार मैत्रिणींनो, आणि घरातले पुरुष ऐकत असतील तर तुम्हीही रेडिओ चालूच ठेवा, दवाखान्यात बाजूच्या खुर्चीवर बसून माना डोलवणारे तुम्हीच असता.

आज फायब्रॉइडबद्दल, म्हणजे गर्भाशयाच्या गाठींबद्दल बोलूया. सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात येतो, त्यात लिहिलेलं असतं इंट्राम्युरल फायब्रॉइड, पोस्टेरियर वॉल, म्हणजे गर्भाशयाच्या मागच्या भिंतीच्या आतली गाठ, ५.२ बाय ४.८ सेंटीमीटर, आणि आपण त्यातलं एकच वाचतो, पाच सेंटीमीटरची गाठ! मग रात्रभर झोप नाही, डोक्यात कॅन्सर. तर आधी हे ऐका, या गाठी स्नायूंच्या असतात आणि जवळपास सगळ्या साध्या निघतात, कॅन्सर असणं फारच क्वचित. पन्नाशीपर्यंत बहुतेक बायकांना त्या होतात आणि कितीतरी जणींना आयुष्यभर पत्ताच लागत नाही.

खरं बघायचं ते गाठ कुठे आहे. आतल्या पोकळीत डोकावणारी दीड सेंटीमीटरची गाठ पाळीत धो धो रक्त काढू शकते, आणि बाहेरच्या बाजूला लटकणारी सात सेंटीमीटरची गाठ गुपचूप बसून राहते. म्हणून नुसत्या आकड्यावर कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर थांबा, आणि सरळ विचारा, डॉक्टर, गाठ नेमकी कुठे आहे, माझा जो त्रास आहे तो हिच्यामुळेच आहे का, आणि सहा महिने काहीच केलं नाही तर काय होईल? त्रास काहीच नसेल तर बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवणं हाही उपचारच असतो, पाळी गेल्यावर गाठी सहसा आपोआप आक्रसतात.

आता सेकंड ओपिनियन. माझं स्पष्ट मत आहे की दुसरा डॉक्टर पहिल्यासारखंच काम करणारा असेल तर निम्मा फायदा गेला. ज्याच्या हातात जे काम असतं तेच त्याला आधी सुचतं, यात लबाडी नसते, सवय असते. रक्तस्त्राव कमी करायच्या गोळ्या आहेत, हार्मोनवाली कॉपर-टीसारखी दिसणारी वस्तू आत बसवतात, पोकळीतली गाठ दुर्बिणीने खालूनच काढता येते, पोटावर एकही टाका नाही. गर्भाशय ठेवून फक्त गाठी काढता येतात, पण त्या पुन्हा होऊ शकतात हेही डॉक्टरांनी सांगायला हवं. आणि एम्बोलायझेशन, मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात, ते स्त्रीरोगतज्ज्ञ करतच नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्क्रीनवर बघत अशा नळीने उपचार करणारे डॉक्टर करतात, त्यामुळे कित्येकींच्या कानावर ते येतच नाही. अजून मूल हवं असेल तर मात्र हे पहिल्याच वाक्यात सांगा, सगळी यादी तिथेच बदलते.

पिशवी काढणं वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये. गाठी परत होऊच नयेत याची खात्री देणारा उपाय तोच आहे आणि काही जणी त्यानंतर म्हणतात, आधीच का नाही केलं! फक्त ओव्हरी, म्हणजे अंडाशय, ठेवणार की काढणार हे वेगळं विचारा आणि फॉर्मवर सही करायच्या आधी विचारा, कारण पाळी चालू असताना दोन्ही ओव्हरी काढल्या तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते.

पहिल्या डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. रिपोर्टच्या कॉपी द्या, अजून एकांना दाखवायचंय, एवढंच म्हणायचं. सोनोग्राफीच्या फिल्म, एमआरआय झाला असेल तर त्याची सीडी आणि चालू गोळ्यांची नावं घेऊन जा. दोघांचं मत वेगळं निघालं तर दोघांनाही एकच विचारा, समोरच्याचा उपाय मला का चालणार नाही? उत्तर ऐकताना कळतंच कोणी तुमचा रिपोर्ट नीट वाचलाय.

घाई कधी करायची? तासाला एक पॅड भिजतंय, चक्कर येतेय, किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर परत रक्त दिसलं, तर सेकंड ओपिनियन राहू दे, आधी दवाखाना गाठा. बाकीच्यांनी या मधल्या काळात हिमोग्लोबिन तपासून घ्या, कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या आजपासून चालू करा, उद्या ऑपरेशन ठरलं तरी आधी ते वर आणावंच लागतं.